बँकॉकमध्ये ३८ जणांची वेशभूषा-संध्याकाळ आणि संघांची शोधमोहीम: आखणी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या सोसायटीचा ३८ जणांचा गट जानेवारीत थायलंडला निघालाय. दोन रात्री पट्टाया, दोन रात्री बँकॉक. सगळ्यात लहान मुलगी नऊ वर्षांची, सगळ्यात मोठे आजोबा एकाहत्तर वर्षांचे. एक संध्याकाळ वेशभूषेची पार्टी आणि अर्धा दिवस संघांची चुरस असं समितीच्या मनात आहे. थीम कोणती ठेवावी, कुठल्या दिवशी काय करावं, हॉटेलशी काय बोलून घ्यावं, आणि शेवटी, 'त्या वेळात ज्येष्ठ मंडळींना कुठे बसवावं?'

मी या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण बाकीची आखणी त्यावरच ठरते. ज्येष्ठांना कुठेही बसवायचं नाही. गट घेऊन परदेशी जाणं हा माझा रोजचा उद्योग आहे, आणि पाऊस, ट्रॅफिक किंवा जेवणामुळे सहलीची मजा गेली असं फार कमी वेळा होतं. पंधरा जण खेळतात आणि तेवीस जण त्यांच्या पर्सा आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसतात, तेव्हा ती जाते. तेव्हा धावाधावीची शर्यत डोक्यातून काढून टाका. खेळ असा हवा की सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसावाचून संघाचं अडेल.

आधी दिवस ठरवू. मुंबईहून निघालेले गट बहुतेक वेळा पहाटे बँकॉकला उतरतात आणि तिथून तडक पट्टाया गाठतात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, बसने दोन-अडीच तास. पहिल्या रात्री सगळे अर्धवट झोपेत असतात. दुसऱ्या दिवशी कोरल आयलंड, म्हणजे स्पीडबोट, समुद्र आणि कडक ऊन. संध्याकाळी चेहरे लाल झालेले असतात, निम्म्यांचं डोकं चढलेलं असतं. बरेच आयोजक नेमकी हीच रात्र पार्टीला देतात, कारण कार्यक्रमपत्रिकेत ती मोकळी दिसते. देऊ नका. तिसऱ्या दिवशी बँकॉकला या, दुपारी आराम करा, बाजारात हिंडा. चौथ्या दिवशी सकाळी संघांची मोहीम, दुपारी सक्तीची झोप आणि रात्री वेशभूषा. सकाळी एकत्र हिंडलेली माणसं रात्री एकमेकांसमोर नटायला लाजत नाहीत, म्हणून मोहीम आधी आणि पार्टी नंतर हा क्रम मोडू नका. मोहिमेचा निकालही पार्टीतच जाहीर करा.

संघ पाच करा, सात-आठ जणांचे. लहान मुलाबरोबर आई किंवा बाबा यांपैकी एक असलाच पाहिजे. पासष्टीच्या पुढची जोडपी फोडू नका. बाकी नवरा-बायको खुशाल वेगवेगळ्या संघांत टाका. एकाच विंगमधली मंडळी एकाच संघात आली तर ती चार दिवसांनंतरही तेवढ्याच लोकांशी बोलत राहतात. संघांना नावं थायलंडच्या रीतीने वारांची द्या. तिथे प्रत्येक वाराला ठरलेला रंग आहे: रविवार लाल, सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार केशरी, शुक्रवार निळा, शनिवार जांभळा. सोमवारच्या पिवळ्याला तिथे खास मान आहे, कारण आधीचे राजे भूमिबोल आणि आताचे राजे दोघांचाही जन्म सोमवारचा. छापील टी-शर्टांवर खर्च करू नका. त्या त्या रंगाची सुती उपरणी इथूनच घेऊन जा. उन्हात डोक्यावर घेता येतात, आणि गर्दीत आपला माणूस लांबून ओळखू येतो.

आता मार्ग. बँकॉक अवाढव्य आहे. मॉलमधून मंदिरात आणि मंदिरातून बाजारात असा शहरभर पसरलेला मार्ग आखलात तर सकाळ वाहनांत जाईल. मी सुचवेन तो टापू जेमतेम दीड-दोन किलोमीटरचा आहे: सनाम चाई मेट्रो स्टेशन, पाक ख्लोंग तलात हा फुलबाजार, वाट फो (थाई भाषेत 'वाट' म्हणजे मंदिर), था तियेन धक्का, आणि नदीपलीकडे वाट अरुण. तुमचं हॉटेल सुखुमवित भागात असेल तर एमआरटीची निळी लाइन थेट सनाम चाईला आणून सोडते. २०१९ मध्ये उघडलेलं हे स्टेशन जुन्या राजवाड्यासारखं सजवलंय. उतरल्यावर दोन मिनिटं थांबून खांब आणि छत बघायला सांगा. कुणी गप्पांच्या नादात उतरायचं विसरलं तर गाडी नदीखालच्या बोगद्यातून पुढच्या इत्साराफाप स्टेशनला जाते. तिथे उतरून उलट्या गाडीने परत यायचं, हे निघण्यापूर्वीच प्रत्येकाला सांगून ठेवा. म्हणजे कुणी घाबरत नाही.

सकाळी आठ वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता थायलंडमध्ये स्टेशनांवर, बागांमध्ये, सार्वजनिक जागी राष्ट्रगीत लागतं आणि चालणारी माणसं जागच्या जागी उभी राहतात. आपल्यालाही उभं राहायचं आहे. मोहिमेची सुरुवात आठनंतर ठेवली तर प्रश्नच येत नाही. तरी मुलांना कारण सांगून ठेवा. सहा वाजता गजबजलेलं स्टेशन एकाएकी थबकतं ते त्यांनी बघावं, आणि आपणही तसंच उभं राहावं.

पहिला टप्पा फुलबाजाराचा, आणि सगळ्या मोहिमेत मला हाच सर्वांत प्रिय आहे. पाक ख्लोंग तलात चोवीस तास चालतो. झेंडू, ऑर्किड, कमळाच्या मिटलेल्या कळ्या, मोगऱ्याचे ढीग. संघाला काम द्यायचं: शंभर बाटच्या (बाट हे तिथलं चलन) आत फुलं घ्यायची आणि वीस मिनिटांत हाताने एक गजरा किंवा वेणी करायची. तयार माळ घेतली तर गुण नाहीत. इथे पंचविशीतली मुलं हात चोळत उभी राहतात आणि सगळं सोपवावं लागतं ते साठीपुढच्या बायकांवर. थायलंडच्या विक्रेत्या बायका त्यांची फुआंग मालाई ही माळ हातभर लांब सुईत कळ्या ओवून करतात. एकेक कळी फिरवून अशी बसवतात की वेटोळं उमटतं. आपला गजरा दोऱ्याच्या गाठींनी बांधला जातो, सुई लागत नाही. एका सहलीत आमच्या गटातल्या साताऱ्याच्या एक आजी ओट्यावर फतकल मारून बसल्या, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवला आणि दोन-दोन कळ्या समोरासमोर धरून गाठी मारायला लागल्या. शेजारची विक्रेती आपलं काम बाजूला ठेवून त्यांचे हात बघत राहिली. मग तिने स्वतःची सुई आजींच्या हातात दिली आणि आजींनी दोरा तिच्या हातात. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती. त्या संघातली तरुण मुलं तोवर उकिडवी बसून फुलं निवडून देत होती. तिथून पुढे त्या संघात आजींना विचारल्याशिवाय कुणी पाऊल टाकलं नाही.

हा गजरा फेकायचा नाही. ओल्या रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवा, हॉटेलवर खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवा, आणि रात्रीच्या वेशभूषेत त्या संघातल्या कुणीतरी तो माळलाच पाहिजे असा नियम करा. पुरुषांनी मनगटाला बांधला तरी चालेल.

दुसरा टप्पा वाट फो. परदेशी पर्यटकांना २०२४ पासून तिकीट ३०० बाट आहे. उंचीने लहान मुलांना सवलत मिळते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पादत्राणं बाहेर. इथे धावायचं नाही, ओरडायचं नाही, आणि हे नियम मोडले तर संघाचे गुण कापायचे. पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं आहेत, आणि भिंतीलगत १०८ काशाची पात्रं ओळीने मांडलेली आहेत, ज्यात एकेक नाणं टाकत जायचं. १०८ हा आकडा आपल्याकडे जपमाळेत कधीचा रुजलेला आहे, त्यामुळे ज्येष्ठांना तिथे कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. शुभचिन्हांपैकी आपल्या ओळखीची पाच शोधून त्यांची नावं लिहा, एवढं काम द्या.

वाट फोच्या आवारात आणखी दोन गोष्टी आहेत ज्या घाईतले गट बघतच नाहीत. एक म्हणजे ऋषींचे छोटे पुतळे, वेगवेगळ्या ताणाच्या अवस्थांमध्ये बसलेले. थाई मालिशची परंपरा जपणारी ही जागा. या मालिश-विद्येचा २०१९ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. संघातल्या योगासनं करणाऱ्या कुणीतरी एक पुतळा निवडायचा आणि तशीच बैठक घालून दाखवायची, मूर्तीला हात न लावता. दुसरी गोष्ट म्हणजे मुख्य उपोसथगृहाच्या (प्रार्थनागृहाच्या) जोत्यावर कोरलेले रामकियेनचे संगमरवरी पट, एकूण १५२. रामकियेन म्हणजे थायलंडचं रामायण. प्रश्न द्या: कुठल्याही तीन पटांत काय चाललंय ते ओळखा. मुलं रथ आणि माकडं शोधतात, आजोबा प्रसंग सांगतात. थायलंडच्या कथेत काही प्रसंग आपल्यापेक्षा वेगळे आहेत, त्यामुळे तिथल्या गाइडशी गप्पा रंगतात. आणि गाइड थाईच हवा. त्या देशात मार्गदर्शकाचा व्यवसाय कायद्याने स्थानिकांसाठी राखीव आहे. मीही मंदिरात उभी राहून माहिती सांगत नाही. पाच संघांमागे निदान दोन परवानाधारक गाइड ठरवा आणि त्यांना प्रश्नपत्रिका आदल्या दिवशी दाखवा. एखादं काम तिथल्या रीतीला धरून नसेल तर ते लगेच सांगतात.

तिसरा टप्पा नदी. था तियेन धक्क्यावरून पलीकडे जाणारी होडी थोड्याशा बाटमध्ये नेते. सुटे पैसे हाताशी ठेवा. या धक्क्याच्या आणि राजवाड्याच्या आसपास टुकटुकवाले किंवा अगदी सभ्य दिसणारे गृहस्थ येऊन सांगतात की मंदिर आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो. शेवट रत्नांच्या नाहीतर कपड्यांच्या दुकानात होतो. 'मंदिर बंद आहे असं सांगणाऱ्याचं ऐकायचं नाही' ही ओळ प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावरच छापा.

पलीकडे वाट अरुण. चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं ते उंच शिखर. पायऱ्या फार उभ्या आहेत, गुडघेदुखी असणाऱ्यांनी चढू नये आणि चढण्याला गुणही ठेवू नयेत. इथे मोहीम आणि वेशभूषा यांची गाठ पडते. मंदिराच्या आसपास थायलंडचा पारंपरिक पोशाख भाड्याने देणारी दुकानं आहेत, आणि तो घालून फोटो काढणाऱ्यांत थाई मंडळीही भरपूर असतात. प्रत्येक संघाने एकाला किंवा एकीला नटवायचं. खांद्यावरून सोडलेला साबाय (उपरण्यासारखं वस्त्र), आणि खाली चोंग क्राबेन, म्हणजे लांब वस्त्र पुढे पिळून पायांतून मागे नेऊन खोचलेलं. दुकानातली मुलगी तो खोचायला लागली की आपल्या नऊवारी नेसणाऱ्या बायका लगेच हात पुढे करतात, कारण ओचा-काष्टा त्यांच्या हातातलाच आहे. दर आणि परत करायची वेळ मात्र आधी विचारून घ्या. तिथल्या माणसांना आपण त्यांचे कपडे घातलेले आवडतात, फक्त ते घालून चाळे करू नयेत.

गुणांची पद्धत सरळ ठेवा. प्रत्येक टप्प्याच्या कामाला वीस, आणि त्या टप्प्यावर संघातले सगळेच्या सगळे एका फोटोत दिसले तर आणखी दहा. एकही चेहरा कमी असेल तर ते दहा गेले. साडेबाराच्या आत पोचलेल्या सर्व संघांना वेळेचे सारखेच दहा गुण, मग कुणी अकराला पोचो की बारा वीसला. लवकर पोचण्याला बक्षीस ठेवलं की तरुण पोरं रस्ता कसाही ओलांडतात आणि मावशी मागे राहते. या पद्धतीत उलट होतं: मावशीला घेतल्याशिवाय फोटोच निघत नाही, मग तिची पिशवी कुणीतरी आपणहून घेतं.

प्रत्येक संघात एक जण चालू इंटरनेटचा फोनवाला, एक खजिनदार, ज्याच्याकडे मोजून दिलेल्या बाटचं पाकीट, आणि एक जण फक्त पाण्याकडे आणि सावलीकडे लक्ष देणारा. जानेवारीतही दुपारी ऊन चटका देतं. प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचं थाई लिपीतलं कार्ड. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, रुग्णवाहिकेचा १६६९. अनोळखी माणसाबरोबर फोटो काढा, भिक्षूबरोबर सेल्फी घ्या असली कामं देऊ नका. बायकांनी भिक्षूंना स्पर्श करू नये, हातात हात लागेल अशी वस्तूही थेट देऊ नये. किडे खाण्याची पैज तर अजिबात नको. त्यात गटातल्या शाकाहारी मंडळींची कुचंबणा होते आणि विकणाऱ्याच्या अन्नाची थट्टाही.

आता वेशभूषा. तुम्ही पाठवलेल्या यादीत बॉलिवूड, सुपरहिरो, 'थाई नाइट' आणि 'गावची जत्रा' अशा चार थीम आहेत. बॉलिवूडमध्ये दहा जण मनापासून नटतात, बाकीचे गॉगल लावून येतात. सुपरहिरोंत मुलं खूश, आजी-आजोबा बाहेर. 'थाई नाइट' नको, कारण रात्री काहीजण पितात, आणि यजमानांचे कपडे अशा वेळी अंगावर असणं मला पटत नाही. जत्रा चांगली आहे: फुगेवाला, बांगड्यांची कासारीण, कोळी, वासुदेव, कीर्तनकार. पण दोन गोष्टी सांभाळा. कुणाची जात किंवा गरिबी हा विनोदाचा विषय करू नका. आणि छत्रपती शिवाजी महाराज किंवा वारकरी अशी रूपं जिथे मद्य आहे तिथे आणू नका. ती करायची तर कार्यक्रमाच्या सुरुवातीला, नीट, आणि मग कपडे बदलून यायचं.

माझा कौल मात्र पाचव्या थीमला आहे: 'घरातला जुना फोटो'. प्रत्येक कुटुंबाने घरच्या अल्बममधला एक फोटो निवडायचा. आजोबांचं लग्न, बाबांची मुंज, चाळीतला गणपती, पहिली स्कूटर, शाळेची सहल. आणि त्या फोटोतली माणसं होऊन मंचावर यायचं. मागच्या पडद्यावर मूळ फोटो आणि समोर आजची माणसं त्याच मांडणीत उभी. नऊ वर्षांची मुलगी पणजीसारखी पदर घेऊन उभी राहते, आणि पणजी कोण होती, कुठल्या गावची, तो फोटो कुणी काढला हे सांगायला आजोबांनाच माइक द्यावा लागतो. सामान फारसं लागत नाही: काळी टोपी, जुना कोट, जाड काड्यांचा चष्मा, सुती नऊवारी, दोन वेण्या. लाजाळू माणूसही यात येतो, कारण त्याला नाचायचं नसतं, फक्त फोटोतल्यासारखं उभं राहायचं असतं. ज्यांच्याकडे फोटो नाही त्यांनी दुसऱ्या कुटुंबाच्या फोटोतली रिकामी जागा भरायची. मोठ्या बारशाच्या किंवा लग्नाच्या फोटोत माणसं कमी पडतातच. असं करता करता दोन मजल्यांवरची कुटुंबं एकाच फोटोत उभी राहतात.

पुरुषांनी बायकांचे वेश करणं आपल्या रंगभूमीला नवीन नाही. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) नेसण्या-चालण्याचं अनुकरण त्या काळच्या बायका करत असत. जुन्या फोटोतली आत्या व्हायला कुणी दादा तयार असेल तर जरूर होऊ द्या. पण टवाळीचा सूर नको. पट्टायात तुम्ही बहुधा कॅबरे बघाल. तिथल्या टिफनीज शोची सुरुवात १९७४ची, आणि मंचावर तृतीयपंथी कलाकार अत्यंत शिस्तीने काम करतात. तुमच्या हॉटेलात वाढणाऱ्यांमध्येही अशी कुणी असू शकते. आपल्या गटातला आचरट विनोद तिच्या कानावर पडावा असं मला कधीही वाटत नाही, आणि मी तो तिथल्या तिथे थांबवते.

यजमानांच्या बाबतीत तीन गोष्टी कुठल्याही थीममध्ये वर्ज्य: बुद्ध, भिक्षू आणि राजघराणं. भिक्षू असल्याची बतावणी करणारा वेश तिथे गुन्हा ठरतो. राजघराण्याच्या अवमानाबद्दल कलम ११२ खाली तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे. यातून एक छोटी गोष्ट निघते जी आयोजकांच्या लक्षात येत नाही: नोटांवर राजाचा चेहरा असतो. नोट जमिनीवर ठेवून उचलण्याचे, पायाखाली धरण्याचे, नोटेची टोपी करण्याचे खेळ थायलंडमध्ये खेळू नका. गणपतीचं सोंगही नको. त्यांच्याकडे तो कलांचा देव आहे, सरकारच्या ललित कला विभागाच्या बोधचिन्हावर गणेश आहे. डोक्याला हात लावणं आणि कुणाकडे पाय रोखणं तिथे अपमानाचं मानतात, तेव्हा टपली मारण्याचे खेळ वेटरमंडळींना त्यात ओढून खेळू नका. राजघराण्यातल्या मृत्यूनंतर दुखवट्याचा काळ असला, जसा ऑक्टोबर २०१६ मध्ये राजे भूमिबोल गेल्यावर होता, तर गाणं-बजावणं आटोपतं घ्यावं लागतं. निघण्याच्या आठवड्यात स्थानिक एजंटला विचारून घ्या.

पत्ते आणि हाउजीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या सामानात ते असणारच. थायलंडमध्ये १९३५ च्या पत्त्यांच्या कायद्यानुसार नोंदणी नसलेले १२० पेक्षा जास्त पत्ते जवळ बाळगता येत नसत. २०१७ मध्ये त्याची जागा नव्या अबकारी कायद्याने घेतली, पण सावध राहिलेलं बरं. फेब्रुवारी २०१६ मध्ये पट्टायात ब्रिज खेळत बसलेल्या ३२ परदेशी ज्येष्ठांना पोलिसांनी याच कारणाने ताब्यात घेतलं, त्यात ८४ वर्षांच्या एक बाई होत्या. रमीला तीन कॅट लागले की तुम्ही १५६ पत्त्यांवर गेलात. अख्ख्या गटात मिळून दोन कॅटच घ्या, आणि पैसे लावून काहीही खेळू नका, हाउजीसुद्धा. बक्षिसं वस्तूंची ठेवा.

सामान बांधताना काय अडतं ते सांगते. वासुदेवाच्या टोपीला खरी मोरपिसं लावू नका. मोरपिसं देशाबाहेर नेण्यावर आपल्याकडे बंदी आहे. कागदाची करा, मंचावरून फरक कळत नाही. सुकं खोबरं आणि सुका नारळ ज्वलनशील धरतात, चेक-इन सामानातून काढून घेतात; ओटीला किंवा कलशाला नारळ हवा असेल तर बँकॉकमध्ये पावलोपावली मिळतो. खेळण्यातली बंदूक, लाकडी तलवार हातातल्या बॅगेत नको. धूर-आवाजाचे पार्टी पॉपर कुठल्याच बॅगेत नकोत. दिव्यांच्या माळांसाठी पॉवर बँक असेल तर ती हातातल्याच बॅगेत. टाळ-चिपळ्या चेक-इनमध्ये टाका. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, कुणाच्या खिशात असेल तर घरीच ठेवायला लावा. दागिने खोटे घ्या: ठुशी, नथ, साज, सगळं इमिटेशनमध्ये छान मिळतं. खरं सोनं अंगावर घालून गेलात तर परत येताना कस्टमला उत्तरं देत उभं राहावं लागू शकतं. एका माणसाचा वेश एक किलोच्या आत बसला पाहिजे असा नियम केलात की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. नऊवारी शिवलेली घ्या म्हणून सांगणारे भेटतील, पण माझ्या मते दोघी-तिघींनी तरी खरी नेसावी. तयारीच्या खोलीत थोरल्या बायका धाकट्यांना नेसवतात तो अर्धा तास मुख्य कार्यक्रमाइतकाच रंगतो.

हॉटेलशी सगळं लेखी हवं. दर 'प्लस प्लस' सांगितला तर त्यावर १० टक्के सेवा शुल्क आणि मग ७ टक्के व्हॅट लागतो, म्हणजे १०० चे ११७ रुपये ७० पैसे धरा. पडदा आणि प्रोजेक्टर भाड्यात आहे का, आवाज किती वाजता बंद करायचा, बाहेरची बाटली आणली तर किती आकारतात, हे चार ओळींत लिहून घ्या. गुलाल, हळद, कुंकू गालिच्यावर किंवा टॉवेलवर पडलं की धुलाईचा दंड बसतो, टिळ्यापुरतं ठेवा. धूर सोडणारं यंत्र आगीच्या गजराला चालू करतं. पणत्या सेलच्या घ्या. गाणी फोनवर उतरवून घ्या, तिथल्या डीजेकडे मराठी गाणी असतीलच असं नाही. जेवणात शाकाहारी सांगताना 'फिश सॉस आणि ऑयस्टर सॉसही नको' हे वेगळं लिहा, नाहीतर भाजीत ते असतंच. मद्य ठेवायचं तर सगळे फोटो मंचावर होऊन गेल्यानंतर, साडेनऊनंतर. तोवर मुलांचे डोळे मिटायला लागलेले असतात आणि ज्येष्ठ खोलीवर निघतात. त्यांचा कार्यक्रम पूर्ण झालेला असतो.

बक्षीस म्हणून बुद्धमूर्ती घेऊ नका. देशाबाहेर न्यायला ललित कला विभागाचा परवाना लागतो, आणि बुद्ध शोभेची वस्तू नाही हे सांगणारे फलकही तिथे जागोजागी दिसतात. ड्युरियन आणि मँगोस्टीन ही फळं बक्षीस द्यायची टूम कुणाच्या डोक्यात आली तर लक्षात ठेवा, ड्युरियन वासामुळे आणि मँगोस्टीन डागांमुळे बऱ्याच हॉटेलांत खोलीवर नेऊ देत नाहीत. त्यापेक्षा सुती थाई पिशव्या, सुका आंबा, नारळाच्या करवंटीचे वाडगे. आणि विजेत्या संघाला सगळे फोटो छापून, मागे नावं लिहून, ठाण्याला परतल्यावर.

या आठवड्यात दोन कामं करा. हॉटेलच्या हॉलची तारीख पक्की करा, आणि प्रत्येक घरातून एक जुना फोटो मागवा, त्यात कोण कोण आहे ते त्या घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाकडून लिहून घेऊन. फोटो यायला वेळ लागतो. काही अल्बम गावी असतात, काही माळ्यावर. निघण्याच्या तीन आठवडे आधी माझ्याकडे यादी पाठवलीत तर कुठल्या फोटोत किती माणसं कमी पडताहेत ते बघून संघांची मांडणी मी सुचवीन.